सरकारनेच बोलावलं म्हणून आलेलं परकं सैन्य कायदेशीर ठरतं का?

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलाचा हा प्रश्न. त्याचं म्हणणं असं: ‘2015 मध्ये रशिया सीरियात असदच्या बोलावण्यावरून गेला, तर नोट्समध्ये ते कायदेशीर म्हणून दिलंय. 1979 मध्ये सोव्हिएत संघ अफगाणिस्तानात गेला, तोही म्हणे बोलावण्यावरूनच, पण ते आक्रमण. 1988 ला आपण मालदीवला गेलो, ते तर कौतुकाचं. मग यात खरंच काही नियम आहे, की बळी तो कान पिळी?’

सैन्याच्या विधी शाखेत नवा नवा रुजू झालो तेव्हा मीही हेच म्हणायचो. पुढे बावीस वर्षं त्याच कागदांत गेली, त्यातलं एक वर्ष काँगोत, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत. आता कोल्हापुरात परतलोय आणि तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवतो. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

तुमची गाडी ‘बोलावलं होतं का’ या प्रश्नावर अडलीय. पण बोलावल्याचा कागद तिन्ही उदाहरणांत कुठे ना कुठे निघतोच. कागद मिळवणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट. कुणी बोलावलं, सैन्य आत येण्याआधी की आल्यावर, कशासाठी, आणि बोलावणारा उद्या ‘आता जा’ म्हणाला तर जावं लागेल का, हे विचारायचं असतं.

आपल्याकडचंच बघा. 2019 च्या महापुरात चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत सैन्याच्या बोटी फिरल्या. गल्लीतल्या पुढाऱ्याने फोन केला म्हणून त्या आल्या नव्हत्या. मागणी जिल्हा प्रशासनाकडून यावी लागते, कशासाठी हवेत ते सांगावं लागतं, आणि काम संपलं की तुकडी परत जाते. पूरबचावाला मागवलेल्या जवानांना कुणी मोर्चा अडवायला उभं करू शकत नाही, त्याला वेगळी मागणी लागते. एका देशाच्या आतली ही शिस्त दोन देशांमध्ये लावायची म्हटलं की पेच सुरू होतात, कारण तिथे जिल्हाधिकारी कोण यावरच भांडण असतं.

आधी पाया. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 2(4) दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करतं. अपवाद दोन, सुरक्षा परिषदेची परवानगी आणि कलम 51 खालचं स्वसंरक्षण. निमंत्रणाचा त्यात उल्लेखच नाही. मग ते चालतं कसं? मालकाने दार उघडून आत घेतलेल्या माणसाला घरफोड्या म्हणता येत नाही, तसं. बळ त्या देशाच्या विरुद्ध वापरलं जातच नाही, म्हणून मनाईच लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2001 मध्ये राज्यांच्या जबाबदारीचे नियम पक्के केले. त्यातलं विसावं कलम हेच सांगतं: वैध संमती असेल तर कृत्य बेकायदेशीर राहत नाही, पण ते त्या संमतीच्या मर्यादेत राहिलं तरच. ‘वैध’ आणि ‘मर्यादेत’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

निकारागुआ विरुद्ध अमेरिका खटल्यात 1986 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याची दुसरी बाजू सांगितली. सरकारच्या विनंतीवरून हस्तक्षेप चालतो. तो विरोधकांच्या विनंतीवरूनही चालू लागला, तर ‘दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करू नये’ या तत्त्वात उरणार काय? निकालाचा 246 वा परिच्छेद. परीक्षेत एवढा एकच लिहिलात तरी तपासणाऱ्याला कळेल की तुम्ही मूळ वाचलंय.

म्हणजे बोलावण्याचा हक्क सरकारचा. पण सरकार कोण? खरी कुस्ती इथे आहे.

जुन्या पठडीचे लोक म्हणतात, राजधानी आणि बहुतेक मुलुख ज्याच्या ताब्यात तो सरकार. तो निवडून आला की बंदूक दाखवून, याच्याशी बाहेरच्यांना कर्तव्य नाही. ही कसोटी रुक्ष आहे, पण तिचा एक फायदा आहे: जाऊन बघता येतं. दुसरी पठडी कायदेशीरपणा बघते. निवडून आलेल्या माणसाला बंडखोरांनी हाकललं, तर हाकललेला असला तरी सरकार तोच. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे दुसरं म्हणणं बळावलंय, पण सरसकट नाही.

दोन पळून गेलेले राष्ट्राध्यक्ष शेजारी ठेवून बघा. युक्रेनचे यानुकोविच फेब्रुवारी 2014 मध्ये कीव्ह सोडून गेले. 22 तारखेला संसदेने 328 मतांनी त्यांना पदावरून दूर केलं. 3 मार्चला सुरक्षा परिषदेत रशियाच्या प्रतिनिधीने त्यांचं 1 मार्चचं पत्र दाखवलं: रशियाने सैन्य पाठवावं. वर्षभराने येमेनचे हादी. हुथी बंडखोरांनी राजधानी सना घेतली होती. हादींनी जानेवारीत राजीनामा दिला, फेब्रुवारीत एडनला निसटल्यावर तो मागे घेतला, 24 मार्च 2015 ला आखाती देशांकडे सैनिकी मदत मागितली आणि 26 ला सौदीच्या आघाडीने बॉम्बफेक सुरू केली. दोघांच्याही हातात राजधानी नव्हती. तरी यानुकोविच यांच्या पत्राला जगाने फारशी किंमत दिली नाही आणि हादी मात्र एप्रिलमधल्या सुरक्षा परिषदेच्या 2216 क्रमांकाच्या ठरावात वैध राष्ट्राध्यक्ष म्हणून गणले गेले.

तुम्ही म्हणाल, हाच तो दुटप्पीपणा. थोडा आहे, नाकारत नाही. पण फरकही आहेत. युक्रेनच्या राज्यघटनेत परक्या सैन्याच्या प्रवेशाला संमती देण्याचा अधिकार संसदेचा आहे. एकट्या अध्यक्षाने, पद सांभाळून असला तरी, असं पत्र लिहिणं पुरलं नसतं. आणि कीव्हमध्ये संसद चालू होती, कारभार चालू होता. येमेनमध्ये हादींच्या विरुद्ध बाजूला सर्वमान्य असं दुसरं सरकारच नव्हतं. तरीही माझं स्वतःचं मत सांगतो: हादींचं निमंत्रण हा कड्यावरचा पाय आहे. परिषदेने त्यांना वैध म्हटलं, पण त्या ठरावात बॉम्बफेकीला परवानगी कुठेही दिलेली नाही. लोक या दोन गोष्टी एकच समजतात.

याहून साफ उदाहरण गाम्बियाचं. अदामा बारो निवडणूक जिंकले, पण आधीचे राष्ट्राध्यक्ष जामे खुर्ची सोडेनात. 19 जानेवारी 2017 ला बारोंनी सेनेगलची राजधानी डकारमधल्या गाम्बियाच्या दूतावासात शपथ घेतली, शेजारी देशांचं सैन्य सीमेपार सरकलं, आणि दोन दिवसांत जामे देश सोडून गेले. देशात एक फूट जमीन ताब्यात नसलेल्या माणसाचं निमंत्रण, तरी कुणी फारसा आवाज केला नाही. कारण निकाल उघड होता, आफ्रिकी देश एकमुखाने पाठीशी होते आणि लढाई जवळपास झालीच नाही. यातलं एखादं जरी नसतं, तर आज आपण गाम्बियावरही वाद घालत असतो.

मराठी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. ऑक्टोबर 1802 मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि 31 डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला. पुणं त्यांच्या हातात नव्हतं, पण पेशवा म्हणून सही त्यांची. बदल्यात सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चापोटी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलुख तोडून दिला. मे 1803 मध्ये इंग्रजांनी त्यांना पुण्याला आणून गादीवर बसवलं. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांनी तो तह मानला नाही, म्हणून दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. आजचा कायदा त्या काळाला लावायचा नसतो हे मान्य. पण मी वर्गात हा तह फळ्यावर लिहितो, कारण त्यातलं एक कलम शिकवायला फार उपयोगी पडतं: फौज कायमची. बाजीरावांना बोलावता आलं, ‘जा’ म्हणता आलं नाही. म्हणायला गेले तेव्हा पेशवाईच गेली.

(आणि कोल्हापूरकरांनी वसईकडे बोट दाखवताना जरा जपून. शाहू महाराजांविरुद्ध निजामाला जाऊन मिळालेले संभाजीराजे कोल्हापूरचेच. खरा छत्रपती कोण ते ठरू दे, मग चौथाई देतो, असं म्हणत निजामाने 1728 च्या पालखेडपर्यंत तो वाद वापरून घेतला. घरात दोन धनी असले की पाहुण्याला आपला यजमान निवडता येतो.)

आता वेळेचा मुद्दा. तुमचा अफगाणिस्तान इथे सुटतो. काबूलच्या सरकारने 1979 मध्ये मॉस्कोकडे सैन्य मागितलं होतं, एकदा नाही, अनेकदा, हे खरंच आहे. म्हणून नोट्समधलं ‘बोलावण्यावरून’ अगदीच खोटं नाही. पण 27 डिसेंबरच्या रात्री सोव्हिएत तुकड्या हाफिझुल्ला अमीन यांच्या महालात घुसल्या आणि अमीन मारले गेले. म्हणजे ज्या सरकारच्या विनंतीचा हवाला द्यायचा, त्याचाच प्रमुख पाहुण्यांनी मारला. नंतर निमंत्रक म्हणून पुढे केले गेले बब्राक कारमाल, जे त्या फौजेच्या जोरावर सत्तेवर बसले. सैन्य बसवतं सरकार आणि सरकार बोलावतं सैन्य, हे वर्तुळ कायदा मानत नाही. 14 जानेवारी 1980 ला आमसभेने 104 विरुद्ध 18 मतांनी परकं सैन्य मागे घ्यायला सांगितलं. भारत तटस्थ राहिला, तेही लिहायला लाजू नका.

हंगेरीत 1956 ला हाच प्रकार झाला होता. चेकोस्लोव्हाकियात 1968 ला तर त्याहून मजा. सोव्हिएत वृत्तसंस्थेने सांगितलं की तिथल्या नेत्यांनीच बोलावलंय, पण नावं दिली नाहीत, आणि प्रागच्या सरकारने तर साफ नाकारलं. काही कट्टर कम्युनिस्ट नेत्यांच्या सह्यांचं ते पत्र 1992 मध्ये मॉस्कोतून बाहेर आलं. म्हणजे पत्र होतं! पण सह्या करणाऱ्यांना देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकारच नव्हता. आपल्या कोर्टात कुलमुखत्यार नसलेल्या चुलत्याने खरेदीखत करून दिलं, तर त्याचं जे होतं तेच.

मालदीव या सगळ्यासमोर ठेवा म्हणजे ते स्वच्छ का वाटतं ते कळेल. 3 नोव्हेंबर 1988 ला तमिळ भाडोत्री लढवय्ये माले शहरात उतरले. राष्ट्राध्यक्ष गयूम लपून होते, पण पदावर होते, आणि त्यांच्या सरकारने एकट्या भारताकडे नाही तर अनेक देशांकडे मदत मागितली. आग्र्याहून छत्रीधारी सैनिक घेऊन विमानं त्याच रात्री मालेशेजारच्या हुलहुले विमानतळावर उतरली. काम काही तासांचं. बहुतेक सैन्य लवकर परत आलं. निमंत्रक निर्विवाद, वेळ आधीची, काम नेमकं. त्याच मालदीवच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी पुढे आपल्या हेलिकॉप्टर आणि डॉर्नियर विमानांसोबतच्या जवानांना परत न्यायला सांगितलं, तेव्हा मे 2024 पर्यंत आपण ते काढून घेतले आणि त्यांच्या जागी मुलकी कर्मचारी दिले. टीव्हीवर त्याचा अपमान-अपमान म्हणून गजर झाला. मला विचाराल तर 1988 चं निमंत्रण खरं होतं याचा तो चांगला पुरावा होता.

श्रीलंका एवढी सोपी नाही आणि माझ्या पिढीला ती टोचते. माझ्या पहिल्या पलटणीतले सुभेदारसाहेब जाफन्याहून परतलेले होते. ते कायद्याचं कधी बोलले नाहीत, फक्त एवढंच म्हणायचे, ‘साहेब, गेलो तेव्हा हार घातले, निघालो तेव्हा कुणी बघितलंबी न्हाई.’ कागदावर बघा काय झालं. 4 जून 1987 ला आपल्या विमानांनी जाफन्यावर अन्नधान्य टाकलं, कोलंबोची संमती नसताना. हेतू कितीही चांगला असो, दुसऱ्याच्या हवाई हद्दीत लढाऊ विमानांच्या संरक्षणात शिरणं कायद्याने समर्थनीय नव्हतं, असं माझं मत आहे. मग आठच आठवड्यांनी, 29 जुलैला, राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि त्यात सैनिकी मदतीची तरतूद आली. भारताची शांतिसेना गेली ती संमतीने. पण जूनमध्ये आकाशातून दाखवलेल्या ताकदीने जुलैच्या सहीवर दडपण आणलं का? दबावाखाली दिलेली संमती संमती नसते. राजकीय दडपण आणि बळाची धमकी यांत मात्र कायदा फरक करतो. कराराने श्रीलंकेलाही बरंच मिळालं होतं, त्यांचं सैन्य दक्षिणेतल्या बंडाकडे वळवता आलं, आणि जयवर्धने यांनी नंतरही करार नाकारला नाही. म्हणून मी तो वैध मानतो. माझ्याशी वाद घालणारे सहकारी होते आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं.

पुढचा भाग जास्त शिकवणारा. प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि जून 1989 मध्ये त्यांनी जुलैअखेर शांतिसेना परत न्या म्हणून सांगितलं. दिल्लीने उत्तर दिलं की माघारीचं वेळापत्रक दोघांनी मिळून, कराराच्या अंमलबजावणीशी जोडून ठरवायचं. शेवटचे जवान 24 मार्च 1990 ला निघाले. अकराशेहून जास्त जवान त्या मोहिमेत गेले. त्या जवानांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, आज मी सल्लागार असतो तर फाइलवर लिहिलं असतं: संमती मागे घेतली गेली आहे. सुरक्षितपणे निघायला लागतो तेवढा वेळ मागा, त्याहून जास्त मागू नका.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? काँगो विरुद्ध युगांडा, 2005 चा निकाल. लॉरां काबिला 1997 मध्ये शेजाऱ्यांच्या मदतीने सत्तेवर आले. युगांडाचं सैन्य पूर्व सीमेवर बंडखोरांच्या मागावर राहिलं, काबिलांच्या संमतीने. जुलै 1998 अखेर काबिलांनी परक्या सैन्याने निघावं असं जाहीर केलं, पण त्यात नाव रवांडाचं होतं. युगांडा म्हणाला, आम्हाला कुठे सांगितलं? न्यायालयाने ते निवेदन संदिग्ध आहे हे मान्य केलं, पण म्हटलं की संमती मागे घ्यायला ठरावीक सोपस्कार लागत नाहीत आणि 8 ऑगस्ट 1998 ला, व्हिक्टोरिया फॉल्सची शिखर परिषद संपली तेव्हा, ती उशिरात उशिरा गेलेली होती. शिवाय संमती होती तेव्हाही ती सीमेलगतच्या बंडखोरांपुरती होती. शेकडो किलोमीटर आत किसांगानी गाठायला ती पुरत नव्हती. 2022 मध्ये न्यायालयाने युगांडाला साडेबत्तीस कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं.

मी पूर्व काँगोतल्या गोमा शहरात होतो तेव्हा आमच्या टेबलावर रोज हाच प्रश्न निराळ्या रूपात यायचा. ही गस्त या रस्त्याने जाऊ शकते का, या गावात थांबू शकते का. तरुण अधिकारी वैतागून म्हणायचे, ‘सर, सरकारने बोलावलंय ना आपल्याला?’ मी म्हणायचो, बोलावलंय, पण स्वयंपाकघरापर्यंत की माजघरापर्यंत, ते वाचून या.

एक गोष्ट खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तिथे कुणी छातीठोक उत्तर दिलं तर विश्वास ठेवू नका: यादवी पेटलेली असताना सरकारला मदत करता येते का? आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्वानांच्या जुन्या संस्थेने, इन्स्टिट्यूट द द्र्वा आंतेर्नास्योनालने, 1975 मध्ये ठराव केला की यादवीत कुठल्याच बाजूला मदत करू नये, लोकांना आपसात ठरवू द्यावं. हीच संस्था 2011 मध्ये ऱ्होड्सला बसली तेव्हा पूर्ण यादवीच्या खालच्या पातळीवरच्या अशांततेपुरतं बोलली, आणि तिथेही विनंती वैध हवी, नेमकी हवी, आणि लोकांचा स्वयंनिर्णय किंवा मानवी हक्क तुडवण्यासाठी नको, असं म्हटलं. राज्यांचं वागणं मात्र वेगळं दिसतं. 2013 मध्ये मालीच्या हंगामी अध्यक्षांच्या विनंतीवरून फ्रान्स गेला आणि जवळपास सगळ्यांनी मान डोलावली, कारण समोर जिहादी गट होते. दहशतवादाविरुद्ध म्हटलं की आक्षेप मावळतात. म्हणून आता प्रत्येक सरकार आपल्या विरोधकाला दहशतवादीच म्हणतं. त्याला कायद्याकडे अजून धड उत्तर नाही.

आता तुमचा सीरिया. 30 सप्टेंबर 2015 ला रशियन विमानांनी हल्ले सुरू केले तेव्हा बराच मुलुख हातातून गेलेला असला तरी दमास्कस असदकडे होतं, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची त्यांच्या सरकारकडे होती, आणि विनंती आधीची होती. म्हणून ‘बोलावणारा कोण’ या मुद्द्यावर रशियाची बाजू भक्कम होती. यादवीच्या मुद्द्यावर ती वादाची. आणि इस्पितळांवर, बाजारांवर बॉम्ब पडल्याचे आरोप आले, तिथे निमंत्रणाचा काहीच उपयोग नाही. यजमानाला स्वतःला जे करायची मनाई आहे, त्याची परवानगी तो पाहुण्याला देऊ शकत नाही. अमेरिकेला दमास्कसने बोलावलं नव्हतं. तिने आधार घेतला इराकच्या विनंतीचा, सामूहिक स्वसंरक्षण म्हणून. तो कलम 51 चा वाद आहे, निमंत्रणाच्या उत्तरात त्याची भेसळ केलीत तर गुण जातील.

आणि उदाहरण ताजं हवं असेल तर सीरियाचंच पुढचं पान लिहा. 8 डिसेंबर 2024 ला असद राजवट कोसळली आणि ते मॉस्कोला गेले. हमैमिमचा हवाई तळ आणि तार्तूसचं बंदर यांबाबत रशियाला आता त्यांच्याशी नाही, दमास्कसमधल्या नव्या सत्ताधाऱ्यांशी बोलावं लागतं.